कुत्र्याचा खोकला आणि हृदयविकार: एका समजुतीची पार्श्वभूमी

वय झालेला लहान चणीचा कुत्रा रात्री उठून खोकतो, शेवटी उबळ येऊन थोडा पांढरा फेस टाकतो आणि घरच्यांना वाटते की घशात हाड अडकले. छातीला स्टेथोस्कोप लावला की मर्मरध्वनी, म्हणजे हृदयातल्या रक्तप्रवाहाची जादा सुरसुर, ऐकू येतो. मग खोकला हृदयाचाच, असे निदान पशुवैद्यकात कित्येक दशके होत आले.

या समजुतीला आधार होता. कुत्र्यांच्या हृदयविकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेच्या झिजेमुळे होतात. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरते आणि हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो. या कप्प्याला लागूनच डावी मुख्य श्वसनी (श्वासनलिकेची फुप्फुसात जाणारी फांदी) जाते आणि एक्स-रेमध्ये ती दबलेली दिसते. त्यातच लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने काही कुत्र्यांचा खोकला उतरे, आणि गुण आला म्हणजे फुप्फुसात पाणी होतेच, असे धरले जाई. हा तर्क सोयीचा असला तरी कच्चा होता, कारण रक्ताचे आकारमान घटल्यावर फुगलेला कप्पाही थोडा ओसरू शकतो.

खरी अडचण शरीररचनेत आहे. खोकल्याची उबळ उठवणाऱ्या मज्जातंतूंची टोके मुख्यतः मोठ्या श्वासमार्गांत असतात, तर हृदय निकामी होताना पाणी साचते ते वायुकोशांत आणि त्यांच्या भोवती. २०१२ मध्ये श्वासमार्गात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत श्वसनी खचल्याचे कप्पा वाढलेल्या आणि न वाढलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांत आढळले. २०१३ च्या अभ्यासात खोकल्याचा संबंध वाढलेल्या कप्प्याशी आणि श्वासमार्गाच्या विकाराशी दिसला, हृदय निकामी होण्याशी दिसला नाही. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत झिजलेली झडप आणि कमकुवत श्वासनलिका एकत्र नांदतात, हे आधीही ठाऊक होते. दोष कोणाचा, एवढेच ठरले नव्हते.

औषधाची वेळही आता खोकल्यावर ठरत नाही. २०१६ च्या 'एपिक' अभ्यासात लक्षणे नसलेल्या, पण हृदय वाढलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाचे औषध दिल्यावर विकाराचा पुढचा टप्पा सरासरी सुमारे १५ महिने लांबला. निवड झाली ती सोनोग्राफी आणि एक्स-रेवरील मापांवरून. घरी मात्र श्वास मोजायला सांगतात: कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, आणि मिनिटाला ३० च्या वर आकडा वारंवार जाऊ लागला तर, खोकला असो वा नसो, तपासणी लांबवायची नाही.