सगळ्यात भारी फासा? असा नसतोही

अ हा ब-ला हरवतो, ब हा क-ला, म्हणजे अ क-ला हरवणारच. फाशांच्या बाबतीत हे लोक डोळे झाकून मानतात. वर आणखी एक समजूत: ज्याची सरासरी जास्त, त्याचीच सरशी. दोन्ही खोट्या आहेत.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांचे चार फासे बघा. अ-वर चार बाजूंना ४ आणि दोन बाजूंना ०. ब-वर सहाही बाजूंना ३ (कंटाळवाणा, पण कामाचा). क-वर दोन ६ आणि चार २. ड-वर तीन ५, तीन १.

अ विरुद्ध ब: अ-वर ४ पडला की तो जिंकला, म्हणजे ६ पैकी ४ वेळा. ब विरुद्ध क: क-वर २ पडला की ब जिंकला, पुन्हा ६ पैकी ४. क ड-ला हरवतो, तेही दोन तृतीयांश वेळा. आणि आता गंमत: ड अ-ला हरवतो! ५ पडला तर ड-चा विजय नक्की, १ पडला तरी समोर ० असेल तर जमतं. १/२ अधिक १/६, पुन्हा २/३ च.

म्हणून असा डाव कुणी मांडला, तर ‘आधी तुम्ही फासा निवडा’ हा आग्रह सोडू नका.

सरासरीचं म्हणाल, तर अ-ची जेमतेम २.६७, ब-ची ३. तरी जिंकतो अ. सरासरी कामाला येते ती बऱ्याच दानांची बेरीज करून निकाल लावायचा असेल तेव्हा. तिथे मात्र ब अ-ला मागे टाकतो.