फुकट आणि खुलं: न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची सहा वर्षं

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाचा, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटीचा, विषय निघाला की दोन विशेषणं जोडीनं येतात. फुकट, आणि सर्वांसाठी खुलं. तिथले लोक विद्यापीठाला लाडानं ‘क्यूनी’ म्हणतात. जुने विद्यार्थी ‘आमच्या वेळी एक पैसा फी नव्हती’ असं सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की एकेकाळी या शहरात ज्याला शिकायचंय तो सरळ आत जाऊन बाकावर बसत असे. इतिहास पाहिला तर ही दोन विशेषणं जेमतेम सहा वर्षं एकत्र नांदली, १९७० ते १९७६. त्याआधी सव्वाशे वर्षं शिक्षण फुकट होतं, पण दार अरुंद होतं. त्यानंतर दार बऱ्यापैकी रुंद राहिलं, पण दारात पावती फाडायला माणूस बसला.

सुरुवात १८४७ ची. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष टाउनसेंड हॅरिस हे धंद्यानं व्यापारी. अमेरिकेचे जपानमधले पहिले महावाणिज्यदूत म्हणून त्यांचं नाव इतिहासात आहे, पण ते नंतरचं. सार्वजनिक शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी शहरानं स्वतःच्या पैशानं उच्च शिक्षणाची संस्था काढावी, तिथं श्रीमंताचा आणि गरिबाचा मुलगा शेजारी शेजारी बसावा, असा आग्रह त्यांनी धरला. करदात्यांच्या पैशावर दुसऱ्याची पोरं शिकवायची म्हटल्यावर विरोध झालाच. शेवटी शहरात मतदान घेतलं आणि लोकांनी मोठ्या बहुमतानं कौल दिला. ‘फ्री अकॅडमी’ उभी राहिली लेक्सिंग्टन अव्हेन्यू आणि तेविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. १८४९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिले प्रमुख होरेस वेबस्टर यांनी हा एक प्रयोग असल्याचं सांगितलं: जनतेच्या, सगळ्या जनतेच्या मुलांना शिकवता येतं का, आणि अशी उच्च दर्जाची संस्था मूठभरांच्या नव्हे तर लोकांच्या इच्छेनं चालवता येते का, हे पाहायचं आहे.

‘सगळी जनता’ या शब्दांवर जरा थांबू. त्यात मुली नव्हत्या. त्यांच्यासाठी १८७० मध्ये वेगळी शाळा निघाली, मुख्यतः शिक्षिका घडवण्यासाठी. तिचं पुढे हंटर कॉलेज झालं. मूळ अकॅडमीचं १८६६ मध्ये सिटी कॉलेज असं नामकरण झालं आणि तिथल्या कलाशाखेत मुलींना सरसकट प्रवेश मिळायला १९५१ उजाडलं. मुलांमध्येही प्रवेश परीक्षा पार करणाऱ्यांनाच जागा होती. शिवाय ज्याचं घर त्याच्या कमाईवाचून चालत होतं, त्याला फुकट कॉलेजही महागच होतं. अशांसाठी १९०९ मध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. मात्र संध्याकाळी येणाऱ्यांपैकी ज्यांचे गुण नियमित प्रवेशाइतके नसत त्यांना फी भरावी लागे. दिवसभर राबून येणारा फी देतो आणि सकाळी येणारा फुकट शिकतो, ही विसंगती कुणाला फारशी खटकल्याचं दिसत नाही.

१९०७ मध्ये सिटी कॉलेज हार्लेममधल्या टेकडीवर गेलं. तिथल्या गॉथिक धाटणीच्या इमारतींचा करडा-काळसर दगड मॅनहॅटनच्याच पोटातून आलेला आहे, काही भाग तर भुयारी रेल्वे खणताना निघालेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात आले, ते तिथून दक्षिणेला वीसेक रस्त्यांवर. पण दोन्हींमधलं अंतर रस्त्यांत मोजण्यासारखं नव्हतं. कोलंबिया खासगी, श्रीमंत. १९२० च्या आसपास तिथं आणि हार्वर्डसारख्या ठिकाणी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी नाना वाटा शोधल्या जाऊ लागल्या. पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्या-कामगारांची हुशार मुलं साहजिकच टेकडीवरच्या फुकट कॉलेजात लोटली. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क त्यांच्यापैकीच, १९३४ चे पदवीधर.

त्या काळातलं कॉलेज पाहायचं तर तळघरातल्या कँटीनमध्ये जावं लागेल. भिंतीला लागून खोबणीसारखे कोनाडे, मध्ये टेबल, बाजूंनी बाकडी. कोनाडा क्रमांक एक स्टालिनविरोधी डाव्यांचा, क्रमांक दोन कम्युनिस्ट पक्षाच्या पोरांचा. कॅथलिकांचा, खेळाडूंचा, झायोनिस्टांचा असे बाकीचे. घरून आणलेलं सँडविच खात तासन्‌तास वाद चालत. एक नंबरच्या बाकड्यांवरून आयर्व्हिंग हाउ, डॅनिअल बेल, नेथन ग्लेझर, आयर्व्हिंग क्रिस्टल असे लोक उठले. अमेरिकेच्या वैचारिक जगात पुढची चाळीस वर्षं त्यांचाच आवाज होता. या आठवणी मोहक आहेत यात शंका नाही. त्या सांगताना एक गोष्ट मात्र गाळली जाते. कँटीनच्या बाहेर हार्लेम होतं, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती, आणि हार्लेममधली मुलं कोनाड्यांत फारशी नव्हती.

पुढच्या तीस वर्षांत ही फट रुंदावत गेली. ब्रुकलिन कॉलेज १९३० मध्ये आणि क्वीन्स कॉलेज १९३७ मध्ये निघालं. १९६१ मध्ये ही सगळी कॉलेजं एका छत्राखाली आणून सिटी युनिव्हर्सिटी स्थापन झाली. जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून गुणांची अट वर वर सरकत राहिली. कटऑफ कसा चढतो ते आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगायला नको. त्याच काळात देशाच्या दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं आणि पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरून आलेले लोक शहराच्या सार्वजनिक शाळा भरत होते. त्या शाळा कमकुवत, आणि त्यांचा कमकुवतपणा मुलाच्या गुणपत्रिकेत उमटायचा. १९५८ मध्ये सिटी कॉलेजातून भूशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेले कॉलिन पॉवेल, पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले, जमैकन आईबापांचे. पण असे पॉवेल मोजके.

१९६५ मध्ये सिटी कॉलेजात एक छोटा कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याला राज्याचा कायदा लाभला आणि ‘सीक’ हे नाव मिळालं. गरीब वस्त्यांतल्या मुलांना गुण कमी असूनही घ्यायचं, पूर्वतयारीचे वर्ग द्यायचे, थोडा भत्ताही द्यायचा. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, एड्रिएन रिच यांच्यासारख्या कवयित्री तिथं शिकवत होत्या. कार्यक्रम चांगला होता, आणि तो चालतो हेच अस्वस्थतेचं कारण ठरलं. मूठभरांना जमतं, तर बाकीच्यांना बाहेर का ठेवलंय?

२२ एप्रिल १९६९ च्या सकाळी दोनशेच्या आसपास कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या दक्षिण आवाराची फाटकं आतून बंद केली. मागण्या पाच होत्या. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र, नव्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं स्वागतसत्र, ‘सीक’च्या कारभारात विद्यार्थ्यांचा शब्द, आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना स्पॅनिश भाषा व या समाजांचा इतिहास सक्तीचा. शेवटची गोष्ट मुद्दाम वेगळी लिहितो: पहिल्या वर्षाच्या वर्गात शहरातल्या शाळांचं वांशिक प्रमाण दिसलं पाहिजे. कॉलेजचे अध्यक्ष ब्यूएल गॅलाघर यांनी पोलीस बोलावायचं टाळलं. दोन आठवडे कॉलेज बंद राहिलं. ते वर्ष महापौरपदाच्या निवडणुकीचं असल्यानं एक उमेदवार कोर्टात जाऊन कॉलेज उघडायचा आदेश घेऊन आला. मग आवारात मारामाऱ्या, जाळपोळ, पोलीस. आणि गॅलाघर यांचा राजीनामा.

एक बारकावा लोक विसरतात. विद्यार्थ्यांनी खुला प्रवेश मागितलाच नव्हता. त्यांची मागणी प्रमाणाची होती. पण ठरावीक जागांतून वाटा काढून द्यायचा तर कुणाचा तरी कमी होणार, आणि तो बहुधा गोऱ्या कामगारांच्या मुलांचा. म्हणून कामगार संघटनांनी पवित्रा घेतला की वाटणी नको, सगळ्यांनाच घ्या. उच्च शिक्षण मंडळानं जुलैमध्ये तोच मार्ग धरला. खुला प्रवेश १९७५ मध्ये करायचा विचार आधी होता, तो १९७० वर आणला. शहरातल्या कुठल्याही हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्या मुलाला विद्यापीठात कुठेतरी जागा मिळणार; वर्गातल्या वरच्या निम्म्यात असेल किंवा सरासरी ८० असेल तर चार वर्षांच्या कॉलेजात, नाहीतर दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात. दार उघडल्यावर आत आलेल्यांत आयरिश आणि इटालियन घरांतली, आजवर कुणीच कॉलेजात न गेलेली मुलंही मोठ्या संख्येनं होती. ज्यांनी फाटक अडवलं त्यांच्याइतकाच फायदा त्या फाटकाबाहेर उभं राहून शिव्या देणाऱ्यांच्या घरांनाही झाला.

सप्टेंबर १९७० मध्ये पहिल्या वर्षाला सुमारे ३५,००० विद्यार्थी आले, आदल्या वर्षापेक्षा तीन चतुर्थांशानं जास्त. बसवायचं कुठं? दक्षिण ब्राँक्समध्ये होस्तोस कम्युनिटी कॉलेजनं जुन्या टायरच्या कारखान्यात वर्ग सुरू केले. पोर्तो रिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाच्या या कॉलेजात इंग्रजी शिकता शिकता बाकीचे विषय स्पॅनिशमधून घेता येत. पुढच्या वर्षी क्वीन्समध्ये लाग्वार्डिया कॉलेजही एका बंद पडलेल्या कारखान्यातच उघडलं.

आणि शिकवायचं कसं? सिटी कॉलेजात मीना शॉनेसी नावाच्या प्राध्यापिकेनं नव्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध गोळा करून वाचले. इतर शिक्षक ज्या कागदांवर लाल रेघोट्या मारून हात झटकत होते, तेच कागद. चुका मनमानी नसतात, त्यांच्यामागे लिहिणाऱ्याचा काहीतरी हिशेब असतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. उदाहरणार्थ, क्रियापदाला प्रत्यय लावायचं विसरणारा मुलगा आळशी नसतो. तो घरी बोलतो त्या इंग्रजीत तो प्रत्यय नसतो. त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. खुल्या प्रवेशानं ‘दर्जा घसरला’ अशी ओरड करणाऱ्यांनी आणि तिला उत्तर देणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं, पण चार हजार कागद मांडी घालून वाचायचं काम या बाईंनीच केलं.

पुस्तक येईपर्यंत मात्र प्रयोगाचा अर्धा जीव गेला होता. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. हजारो प्राध्यापक-कर्मचारी कमी केले गेले. मार्च १९७६ मध्ये होस्तोस बंद करायचं घाटत होतं, तेव्हा विद्यार्थी आणि आसपासच्या लोकांनी कॉलेजचा ताबा घेतला. लढा चिवट निघाला आणि ते कॉलेज आजही उभं आहे. मेअखेरीस पगाराला पैसे नाहीत म्हणून सगळं विद्यापीठच दोन आठवडे बंद पडलं. ते उघडलं ते १२९ वर्षांत प्रथमच नियमित विद्यार्थ्यांना फी लावण्याचा निर्णय घेऊन. शहरातले गोरे नसलेले विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या वर्गात बहुसंख्य झाले तेही याच सुमारास. दोन्ही गोष्टी एकत्र येणं हा निव्वळ योगायोग, असं मानायला माझं मन तयार होत नाही. पैसा खरोखरच संपला होता हे कबूल. पण १९३० च्या मंदीतही तो संपला होता, आणि तेव्हा फी लागली नव्हती.

नंतरची वर्षं झरझर सांगता येतात. चार वर्षांच्या कॉलेजांचा खर्च राज्यानं उचलला. १९९९ मध्ये त्या कॉलेजांतले पूर्वतयारीचे वर्ग बंद करायचं ठरलं, म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यानं आधी कम्युनिटी कॉलेजात जावं. २००२ मध्ये राज्यानं कायदा केला की तिथल्या हायस्कूलमधून शिकलेल्या, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही रहिवाशांच्याच दरानं फी लागेल. २०१७ मध्ये मध्यमवर्गापर्यंत फी माफीची योजना आली. तिची अट अशी की वर्षाला ३० क्रेडिट, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याइतका अभ्यास, पूर्ण करा. नोकरी सांभाळून दोन-दोन विषय घेणारा विद्यार्थी तिच्यात बसत नाही. १९०९ चा संध्याकाळचा वर्ग पुन्हा एकदा हिशेबाबाहेर.

आज विद्यापीठात पंचवीसेक कॉलेजं आणि शाळा आहेत, विद्यार्थी दोन लाखांवर. २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांत सुरू झालेल्या ‘एसॅप’ कार्यक्रमात फीमधला उरलेला फरक भरून दिला जातो, पुस्तकांना मदत मिळते, एक सल्लागार सतत मागे असतो. चाचपणीत या कार्यक्रमातले तीन वर्षांत पदवी घेणारे ४० टक्के निघाले, बाहेरचे २२ टक्के. आणखी एक गोष्ट त्यात मिळते: भुयारी रेल्वे आणि बसचा महिन्याचा पास. पण तो घ्यायला सल्लागाराला भेटावं लागतं. त्यामुळे मुलं पासासाठी येतात, आणि आलीच आहेत तर कुठल्या विषयात अडलंय तेही सांगून जातात.