गॅस्केट उडालं का ब्लॉक तडकला? ऑईलचा चहा झाला म्हणून लगेच हेड उघडू नका

डिपस्टिक काढली, ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे ऑईलमधे पाणी मिसळलं, की आपल्याकडे दोनच निदानं. उन्हाळ्यात "गॅस्केट उडालं" (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, खालचं धड म्हणजे ब्लॉक, त्यांच्यामधली सीलची पट्टी म्हणजे गॅस्केट) आणि जानेवारीत "थंडीनं ब्लॉक फुटला भो". अरे धुळ्यात पारा ५-६ अंशावर आला की आपण शेकोटी पेटवतो ते ठीक, पण पाणी गोठायला शून्याच्या खाली जावं लागतं, तेही तासन्‌तास. डाब-तोरणमाळकडे एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठतं, त्यानं बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्लॉक फुटत नसतो. मशीन खान्देश सोडून गेलंच नसेल तर थंडीला शिव्या देऊ नका.

गॅस्केटचं सगळ्यांना माहीत आहे. इंजिन तापलं, हेड वाकलं, गॅस्केट गेलं. पुढे चला.

थंडीनं तडकलेले ब्लॉक येतात वरून, कारगिल-लडाखकडे रस्त्याच्या कामाला गेलेल्या मशीनींचे. गेल्या वर्षी एक बॅकहो (खोदकामाचं मशीन) ट्रेलरवर आलं, दोनदा गॅस्केट बदलून झालेलं, तरी ऑईलचा चहाच. मालकानं कूलंट (पाणी गोठू न देणारं द्रव) टाकलं होतं म्हणे, पण कमी झालं की ऑपरेटर साधं पाणी ओतायचा. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत तग धरतं, पण पातळ होत गेलं की कसलं काय. पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि त्याला जागा लागते.

आता खरा घोळ इथे आहे. गॅस्केट गेलं की बहुतेक वेळा जळालेला गॅस पाण्यात घुसतो. बर्फानं तडकते ती बहुतेक वेळा पाण्याच्या जॅकेटची (ब्लॉकमधल्या पाणी खेळायच्या पोकळीची) भिंत, तिचा सिलिंडरशी संबंधच नाही, म्हणून कॉम्प्रेशन चांगलं, स्टार्ट एका सेल्फमधे, पांढरा धूर नाही, आणि मिस्त्री म्हणतो इंजिन तर एक नंबर आहे, गॅस्केटच असणार.

हेडला हात लावायच्या आधी ऑईल बदला, फॅन बेल्ट काढा म्हणजे पंप पाणी घुसळणार नाही, रेडिएटर तोंडापर्यंत भरा आणि गार इंजिन एकदोन मिनिटं चालवा. लगेच बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. नाही आले तर बंद करा, संप (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) खोला, रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्या, आणि खाली टॉर्च घेऊन पडून राहा. घाई करू नका. त्या बॅकहोला पंधरा मिनिटांनी टॅपेटच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या) बाजूच्या भिंतीवर एक थेंब जमला, पुसला, परत तिथेच जमला. घासून तडा दाखवणारा लाल डाय अन् पांढरा डेव्हलपर मारला तर केसाएवढी आडवी रेघ, वीतभर लांब. थेंब लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालून येत असेल तर ती ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी सीलची रिंग, त्याला तडा म्हणू नका.

अजून एक डोकेदुखी, "वेल्च प्लग (ब्लॉकवरची पत्र्याची वाटी) निघालाय म्हणजे ब्लॉक वाचला". ती वाटी ओतकामाची वाळू काढायच्या भोकावर बसवलेली असते, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही ती. प्लगही निघतो आणि ब्लॉकही तडकतो.

रिपेअर म्हणाल तर बाहेरच्या भिंतीला मी मेटल स्टिचिंगच (तडा धातूच्या पिनांनी शिवणं) करतो, दोन्ही टोकांना भोक मारून, मग पिना. गार बीडावर वेल्डिंग मारलं की शेजारी नवीन तडा तयार. बोअरला (सिलिंडरच्या भोकाला) किंवा क्रँकशाफ्ट धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या भिंतीला तडा असेल तर ब्लॉक बदला, उगाच खर्च नको. आणि रेडिएटरमधे हळद टाकणाऱ्यांनो, तडा बुजत नाही, ऑईल कूलरच्या बारीक वाटा बुजतात, मग इंजिन तापतं, आणि मग खरोखर गॅस्केट उडतं.