नाव, वंशावळ आणि हकीकत

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या संदर्भात मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य घरांत एकच प्रश्न ऐकू येऊ लागला : पणजोबांचे नाव काय होते? शाळेचे जुने जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतील कोतवाल बुक, मोडीत लिहिलेली महसुली पाने असे जे हाती लागेल ते उलटून पाहिले गेले आणि एरवी फारसे कोणी न विचारणाऱ्या मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, गावातील जन्म-मृत्यूची नोंदवही. त्यातील जुन्या जन्मनोंदीत तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, मूल मुलगा की मुलगी हेही असते. पण बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असल्याने ज्याच्या जन्माची नोंद, त्याचेच नाव पुष्कळदा तिथे नसते. मृत्यूच्या रकान्यात 'ताप', 'देवी' किंवा 'पटकी' असा एक शब्द. एका माणसाच्या आयुष्याबद्दल सरकारदरबारी उरलेला मजकूर एवढाच.

वडीलधाऱ्यांचे स्मरण करण्यात आपण कमी पडलो असे म्हणता येणार नाही. स्मरणाच्या रीती आपल्याकडे भरपूर होत्या आणि आहेत. मात्र त्यांतील बहुतेक रीती नाव जपण्यासाठी होत्या. हकीकत जपली गेली ती एक तर हक्क सिद्ध करायचा होता म्हणून, नाही तर घरातल्याच कोणी तरी मुद्दाम बसून विचारले म्हणून. या दोन वाटांचा मागोवा घेतल्याशिवाय आज घरोघरी चाललेल्या आठवणी टिपण्याच्या खटपटीचा अर्थ नीट लागत नाही.

श्राद्धविधीचेच पाहा. पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा उच्चार वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत होतो. आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा-पणजोबा यांचीही नावे घेतली जातात. पण घरातला कर्ता पुरुष गेला की सपिंडीकरणात, म्हणजे मृताला पितरांत सामील करण्याच्या विधीत, त्याचे नाव त्या साखळीत येते आणि सर्वांत जुने नाव मागे पडते. म्हणजे विधीने सांभाळलेली स्मृतीसुद्धा तीन पिढ्यांची, आणि तीही नाव-गोत्रापुरती. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीने यात आणखी गंमत केली आहे. विष्णूचा गणेश, गणेशाचा विष्णू अशी नावे आलटून पालटून येत राहतात आणि वंशावळ जुळवणाऱ्याला कोणता विष्णू शेत विकून पुण्यास गेला आणि कोणता गावीच राहिला, हे ठरवणे अशक्य होऊन बसते.

नावांची लांब साखळी राखण्याचे काम काही समाजांनी पिढीजात व्यवसाय म्हणून केले. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि त्यांना लागून असलेल्या कर्नाटकात हेळवी बैलावर बसून ठरावीक घरी येतात, चोपडी उघडून त्या घराण्याचा मूळ गाव, कुळी आणि पिढ्या वाचून दाखवतात, मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची भर घालतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढे जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची गोष्ट वेगळी. तिथे यात्रेकरू स्वतःच्या हाताने आपले नाव, गाव आणि सोबत आलेल्यांची नावे लिहीत आला आहे. आपल्या खापरपणजोबांचे अक्षर पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही तो कशासाठी आला होता, कुणाच्या अस्थी घेऊन आला होता, वाटेत काय घडले, यातले सहसा काही त्या पानावर नसते.

हकीकत लिहून घेतली जाई ती वतनाच्या, म्हणजे पिढीजात हक्काच्या, भांडणात. पाटीलकी, कुळकर्ण किंवा देशमुखीवर दोघांनी हक्क सांगितला की दोन्ही पक्ष आपापला 'करीना' लिहून देत. मूळ पुरुष कोठून आला, दुष्काळात गाव ओस कसा पडला, भाऊबंदांत कोण कोणाच्या जिवावर उठले, कागद कसे जळाले असे सगळे त्यात येई. गोतसभेपुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या स्थानिक सभेपुढे, गावातील जाणत्या म्हाताऱ्यांची साक्ष होई आणि निवाड्याचा महजर, म्हणजे निकालपत्र, तयार होई. मराठेशाहीतील सामान्य माणसांच्या कौटुंबिक आठवणी आज जिथे सर्वांत जिवंत भेटतात ती जागा हीच आहे, असे मला वाटते. अर्थात या आठवणी दाव्यासाठी सांगितलेल्या असल्याने त्यांत सोयीचे तेवढे ठळक आणि गैरसोयीचे पुसट असणार, हेही गृहीत धरावे लागते. राजघराणी तरी वेगळे काय करीत होती? तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले वंशाचा जो विस्तृत मराठी शिलालेख कोरून घेतला, तो पूर्वजांचा सन्मान होताच, पण सत्ता हातून निसटून चाललेल्या घराण्याने मांडलेली आपली बाजूही होती.

वतनांचे महत्त्व ओसरल्यावर हे कागद माळ्यावर, ओल्या भिंतींच्या कोनाड्यात किंवा रद्दीत गेले. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडले, १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे या नाशाची धास्ती होती. त्याच वातावरणात, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, घराणेवार कुलवृत्तांत छापले जाऊ लागले. कुलवृत्तांताचा साचा ठरलेला : मूळ गाव, गोत्र, शाखा, पिढीचा क्रमांक, जन्मसाल, शिक्षण, नोकरी, बदलीची गावे, अपत्ये. मुलांच्या रेषा पुढे चालू राहतात. मुलीच्या नावापुढे जुन्या कुलवृत्तांतांत सासरचे आडनाव आणि गाव येते आणि तिची रेषा तिथेच थांबते. सुनेला बहुधा दोन नावे असतात, कारण लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की आईबापांनी ठेवलेले नाव माहेरापुरते उरे. ज्या बाईने पन्नास वर्षे ते घर चालवले, तिच्याबद्दल दीड ओळ. हजारो लोकांशी पत्रव्यवहार करून संपादकांनी घेतलेले कष्ट खरोखर मोठे आहेत, पण साच्यात बसेल तेवढेच त्यांना पाठवले गेले.

आता दुसरी वाट. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे परत आल्यावर पंचवीसएक वर्षे आपली हकीकत तोंडीच सांगत राहिले असणार. ती कागदावर आली १८८३ च्या सुमारास, इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांनी लिहिण्याचा आग्रह धरला तेव्हा. गोडसे हे वैद्यांच्या घरचे उपाध्ये. त्यामुळे मागणी जिव्हाळ्याच्या माणसाकडून आली होती. इंग्रजी अमलाच्या भीतीने ती हकीकत लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये बाहेर पडले, तेही वैद्यांनी भाषेवर हात फिरवून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना ते जसेच्या तसे छापता आले. विचारणारा माणूस लागतो, हे यातून दिसतेच. पण विचारणारा ऐकलेल्याला आपल्या पसंतीचा आकार देतो, हेही दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मागेही घरातलाच आग्रह आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांना आईच्या आठवणी हव्या होत्या; १९३४ पासून त्या भागाभागाने प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांतून उभी राहिली ती लक्ष्मीबाईच. नवऱ्याबद्दल विचारायला गेले आणि बायको सापडली, असा हा प्रकार. त्याआधी १९१० मध्ये रमाबाई रानड्यांनी आठवणी लिहिल्या त्यांच्या नावातच 'आमच्या आयुष्यातील' असे अनेकवचन आहे. खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या जे रचीत ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवले, आणि बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्यानंतर आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती गाणी छापली गेली. दोन पोरांनी वहीत उतरवून घेतले नसते तर मराठी कवितेच्या इतिहासातील हे प्रकरण उघडलेच नसते.

ज्यांच्याकडे वतन नव्हते, कुलवृत्तांत नव्हता आणि ज्यांचे नाव कोतवाल बुकातसुद्धा दुसऱ्याच्या सोयीने लिहिले गेले, त्यांच्या वडीलधाऱ्यांची हकीकत यायला आणखी वेळ लागला. १९८० च्या दशकात मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांचा शोध घेतला, वय झालेल्या त्या बायांसमोर बसून त्यांच्या आठवणी घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. परिषदा, ठराव आणि भाषणे यांचा तपशील वर्तमानपत्रांत थोडाफार तरी मिळतो. घर सांभाळून, मुले सोबत घेऊन सभेला जाणे म्हणजे काय होते, हे फक्त त्या बायाच सांगू शकत होत्या, आणि फार काळ थांबता येणार नव्हते.

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन याच काळातले. पुण्यात राहिलेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची चक्की गावात आल्यावर जाते भिंतीशी उभे राहिले आणि पहाटे दोघींनी मिळून खुंटा धरून गायची वेळच उरली नाही. त्यामुळे पुष्कळ ओव्या रिकामे जाते फिरवून, आठवून आठवून सांगाव्या लागल्या. त्यांत सासुरवास आहे, पंढरीची वाट आहे, भीमराव आहेत, भाऊ भेटायला आला नाही ही तक्रार आहे. कुलवृत्तांताने जिला दीड ओळ दिली तिने स्वतःबद्दल काय म्हटले असते, याचा सर्वांत जवळचा अंदाज इथे बांधता येतो. २०१७ पासून या ओव्या 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातून ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध होत आहेत आणि तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव, तिचे गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते.

घरगुती सन्मानाचे रूपही या काळात बदलले. साठीशांत, पंचाहत्तरी आणि सुमारे एक्याऐंशीव्या वर्षीचे सहस्रचंद्रदर्शन यांत औक्षण, तुला आणि जेवणावळ असे; विद्वानांच्या वाट्याला गौरवग्रंथ येई, ज्यात गौरवमूर्तीबद्दल चार लेख आणि उरलेले त्यांच्या विषयाबद्दल असत. आता सामान्य घरांतही त्या दिवशी पन्नास पानी पुस्तिका वाटली जाते किंवा चित्रफीत दाखवली जाते. आजी बोलत असते, मागे कुकरची शिट्टी होते, कोणी तरी 'आजी, मोठ्याने' म्हणते आणि ती गोव्यातल्या माहेराबद्दल सांगता सांगता मध्येच थांबते. तो थांबलेला भाग कापून पुढचा जोडलेला असतो, कारण पाहुणे जेवायला खोळंबलेले असतात. मूळ ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असते आणि त्याला नाव म्हणून फोननेच दिलेला तारखेचा आकडा असतो.