जुलाबातले झटके आणि ‘मेंदूत जाणारा’ रोटाव्हायरस

पुण्यात हिवाळ्यात तान्ह्या मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि त्यातच झटका आला, की घरातली जाणती माणसे ‘दात येताहेत’ किंवा ‘ताप डोक्यात गेला’ असे सांगून मोकळी होतात. दातांचा येथे काहीही संबंध नाही. रोटाव्हायरस या लहान मुलांत जुलाब घडवणाऱ्या विषाणूच्या जुलाबात काही मुलांना अंगात ताप नसताना आणि रक्तातील साखर व क्षार ठीक असतानाही झटके येतात.

यावरूनच दुसरी, जरा शिकलेली समजूत निघाली आहे: मेंदूवर चाल करून जाणारा या विषाणूचा एक वेगळाच वाण असतो. रोटाव्हायरसचा जनुकसंच दुपदरी आरएनएच्या (जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूच्या) 11 तुकड्यांचा असून, दोन वाण एकाच पेशीत शिरल्यास या तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणून वाण ओळखायला केवळ ‘जी’ आणि ‘पी’ हे, विषाणूच्या बाहेरच्या दोन प्रथिनांवरून ठरणारे, प्रकार पाहून भागत नाही, अकराही तुकडे वाचावे लागतात. तरीही झटक्यांना जबाबदार असा एखादा ठरावीक वाण आजवर सिद्ध झालेला नाही. काही मुलांच्या पाठीच्या पाण्यात (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) विषाणूचा आरएनए सापडला आहे हे खरे, पण आरएनए सापडणे म्हणजे विषाणू मेंदूत वाढणे नव्हे. संशय आहे तो एनएसपी4 या विषारी प्रथिनावर, आणि ते सगळ्याच वाणांत असते.

त्यामुळे वाणाच्या नावाने घाबरण्यापेक्षा रोटाव्हायरस लसीचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे तोंडावाटे दिले जाणारे डोस चुकवू नयेत. या विषाणूवरील लसींपैकी एक पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, तयार होते. झटका आल्यास बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि कांदा हुंगवत न बसता थेट दवाखाना गाठावा.