शापोरा किल्ला

शापोरा किल्ला : उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यात शापोरा नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावरील टेकडीच्या माथ्यावर असलेला जांभ्या दगडाचा किल्ला. मराठीत ‘छापोरा’ असेही लिहिले जाते. टेकडीच्या पश्चिमेला वागातोरचा किनारा, आतल्या अंगाला शापोरा गाव आणि मच्छीमारांचा धक्का, नदीपलीकडे पेडणे तालुक्यातील मोरजी. ही नदी वरच्या भागात तिळारी म्हणून ओळखली जाते आणि बार्देश व पेडणे यांची सीमा हीच. किल्ल्याचा सारा इतिहास या सीमेभोवती फिरतो.

नाव व मूळ : प्रचलित व्युत्पत्तीनुसार ‘शहापूर’, म्हणजे शहाचे गाव, याचे शापोरा झाले. शहा म्हणजे विजापूरचा आदिलशहा. त्यावरून मूळ किल्ला आदिलशाही असल्याचे बहुतेक वर्णनांत दिलेले आढळते. ही व्युत्पत्ती अर्थाच्या दृष्टीने सोयीची असली तरी लेखनाच्या बाजूने ती सरळ नाही. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज भाषेत ‘श’ हा उच्चार ‘एक्स’ या रोमन अक्षराने लिहीत. ‘शहा’ हा शब्दही त्या भाषेत ‘एक्स’नेच लिहिला जातो आणि गोव्यात शेल्डे गावाच्या नावात तीच पद्धत आजवर टिकून आहे. उलट ‘सी-एच’ ही अक्षरजोडी त्या काळी ‘च’साठी होती, चांदर, चिंबल, चिंचणी या नावांचे रोमन लेखन त्याला साक्ष आहे. शापोऱ्याचे नाव मात्र ‘सी-एच’ने लिहितात. पोर्तुगालच्या प्रमाण बोलीत या अक्षरजोडीचा उच्चार ‘श’कडे सरकला तो सतराव्या शतकापासून पुढे. तेव्हा एक तर मूळ नावात ‘च’ किंवा ‘छ’ असावा, नाहीतर हे लेखन उच्चार बदलल्यानंतर रूढ झाले असावे. स्थानिक बोलण्यात ‘श’ आहे, ही गोष्ट दुसऱ्या शक्यतेला अनुकूल आहे. त्यामुळे शहापूर ही व्युत्पत्ती टाकून देण्याचे कारण नाही. पण केवळ नावाच्या आधारावर किल्ल्याचा बांधणारा ठरवणेही योग्य नव्हे.

याहून वजनदार पुरावा टेकडीच्या उतारावर आहे. तेथील मुसलमानी कबरींवरून पोर्तुगीजांपूर्वी येथे वस्ती, बहुधा लष्करी ठाणे, होते असे दिसते. आदिलशहाने बार्देश व (दक्षिण गोव्यातील) साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांना दिले. तेव्हा आदिलशाही ठाणे असलेच तर ते त्यापूर्वीचे. आज उभ्या असलेल्या तटात मात्र त्या काळचा म्हणून निःशंकपणे दाखवता येईल असा भाग नाही.

बांधकामाची तारीख : पोर्तुगीज बांधकामासाठी १६१७ आणि १७१७ अशी दोन साले दिली जातात. शंभर वर्षांचा हा फरक लेखनदोषातून आला असावा, अशी शंका सहज येते. परंतु १६८३ च्या मराठ्यांच्या स्वारीत येथील किल्ला घेतल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे १७१७ पूर्वी येथे किल्ला होताच. १६१७ च्या सुमारास पहिले पोर्तुगीज बांधकाम आणि १७१७ पासून एरिसेराच्या काउंटच्या अमदानीत झालेली फेरबांधणी, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आग्वादचा किल्ला १६१२ चा आहे. मांडवीचे मुख बंदिस्त केल्यावर लगेच शापोऱ्याचे मुख हाती घेणे हे त्या धोरणाशी जुळतेही.

लुईश द मेनेझिश, एरिसेराचा पाचवा काउंट, हा १७१७ ते १७२० या काळात गोव्यात व्हाइसरॉय होता. परतीच्या प्रवासात १७२१ मध्ये रेयुनियाँ बेटाशी चाच्यांनी त्याचे जहाज लुटले. हाच गृहस्थ पुढे लोरिसालचा मार्क्विस या नावाने १७४१ मध्ये पुन्हा व्हाइसरॉय म्हणून आला आणि ज्या किल्ल्याची फेरबांधणी त्याच्या पहिल्या कारकिर्दीत झाली, तोच त्याला दुसऱ्या कारकिर्दीत परत मिळवावा लागला. दोन्ही पदव्या एकाच व्यक्तीच्या आहेत हे लक्षात न आल्यास हा धागा हातातून सुटतो.

मराठे व सावंतवाडीकर : नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीजांचा फोंड्याच्या मर्दनगडावरील हल्ला फसल्यावर छत्रपती संभाजी महाराजांनी राजधानी जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले. डिसेंबरात मराठी फौजा साष्टी व बार्देशात शिरल्या. त्या वेळी थिवीप्रमाणे शापोराही मराठ्यांच्या हाती आला. राजधानीवरील संकट इतके निकट होते की व्हाइसरॉयने अधिकाराचा दंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापुढे ठेवला. जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा पुत्र शाहआलम याची मोगल फौज या भागाकडे आल्याने मराठ्यांना मागे फिरावे लागले.

औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याने शापोऱ्यावर तळ दिला होता, असे पर्यटन-वर्णनांत वारंवार येते. त्या दिवसांत अकबराचा मुक्काम मुख्यतः डिचोलीस होता. इराणला जाण्यासाठी त्याने वेंगुर्ल्यास जहाजही गाठले होते. तेथून त्याला परत वळवण्यात आले आणि संभाजी महाराज व पोर्तुगीज यांच्यात तो मध्यस्थ बनला. शापोऱ्यावरील तळापेक्षा डिचोलीचा मुक्कामच विश्वसनीय धरावा.

१७३९ मध्ये, मराठे वसईस वेढा घालून बसले असताना, सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश घेतले. आग्वाद व रेइश मागुश हे दोनच किल्ले पोर्तुगीजांकडे उरले. १७४१ मध्ये लोरिसालने नव्या कुमकेच्या जोरावर बार्देश परत जिंकले. या वेळी पेडणे देऊन शापोरा सोडवून घेतला, असे विधान बऱ्याच ठिकाणी आढळते. ते ग्राह्य मानता येत नाही. पेडणे तेव्हा भोसल्यांकडेच होते, पोर्तुगीजांनी ते द्यावे तरी कुठून? पेडणे कायमचे पोर्तुगीज सत्तेखाली आले ते १७८८ मध्ये.

रचना : किल्ल्याला ठरावीक भौमितिक आकार नाही. तट टेकडीच्या कडेने, जमीन वळेल तसा वळत गेला आहे आणि बुरूजही विषम अंतरावर आहेत. बुरुजांतील तोफांच्या खिडक्या रुंद आहेत. कोपऱ्यांवर गोल टेहळणी मनोरे दिसतात. ही पोर्तुगीज धाटणी. दरवाजा साधा, अरुंद, उभ्या चढाच्या टोकाशी. सारे बांधकाम चिऱ्यांचे आहे. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वाऱ्यावर राहिला की घट्ट होतो. त्याच्या अंगावरच्या भोकांत पावसाळ्यात शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात ते काळे पडते, म्हणून लाल दगडाचा हा तट वर्षातला बराच काळ काळपट दिसतो. चुन्याचा गिलावा गेलेल्या जागी चिऱ्यांचे सांधे मोकळे झाले आहेत. आत सेंट अँथनीचे चर्च, सैनिकांच्या बराकी आणि किल्लेदाराचे घर होते. आज माळरानावर पायाच्या खुणा तेवढ्या. भुयारे असल्याचे सांगितले जाते.

ऱ्हास व सद्यस्थिती : पेडणे पोर्तुगीजांकडे गेल्यावर सरहद्द उत्तरेला तेरेखोलपर्यंत सरकली. तेरेखोलचा किल्ला त्यांनी १७४६ मध्येच घेतला होता. शापोऱ्यासमोर आता शत्रूचा काठ राहिला नाही. १८९२ मध्ये किल्ला सोडून देण्यात आला.

सध्या तो राज्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतो. २००१ मधील एका हिंदी चित्रपटात येथील तट दिसल्यापासून सायंकाळी सूर्यास्त पाहायला तटावर मोठी गर्दी होते. उत्तरेकडच्या बुरुजावरून नदीच्या मुखातला वाळूचा दांडा आणि त्याला वळसा घालून धक्क्याकडे येणाऱ्या होड्या स्पष्ट दिसतात. येथेच किल्ला का बांधला हे त्या जागी उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. तटाच्या माथ्यावरून चालण्याने सांध्यांतले चिरे ढिले होतात. उतारावरच्या कबरींचे दगड तर त्याहून नाजूक आहेत आणि किल्ल्याच्या पोर्तुगीजपूर्व काळाचा हाती असलेला मुख्य पुरावा तोच आहे. त्यांची मोजणी करून, प्रत्येक दगडाचे छायाचित्र व जागा नोंदवून त्यांना कुंपण घालणे हे तटाच्या दुरुस्तीइतकेच निकडीचे आहे.