लघुव्यवसायाचे डिजिटल विपणन

लघुव्यवसायाचे डिजिटल विपणन : एकट्याने, कुटुंबाने किंवा मोजक्या माणसांनी चालवलेल्या धंद्याची ओळख लोकांना करून देणे, गिऱ्हाईक मिळवणे आणि मिळालेले टिकवणे यांसाठी इंटरनेट, मोबाइल व समाजमाध्यमे यांचा केलेला वापर. बोलताना याला ‘ऑनलाइन मार्केटिंग’, ‘सोशल मीडिया मार्केटिंग’ किंवा नुसतेच ‘ऑनलाइन येणे’ म्हणतात. नकाशावरची नोंद, संकेतस्थळ, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे पान, व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॅटलॉग, ईमेल, व्हिडिओ, पैसे मोजून दिलेल्या जाहिराती आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय हे सगळे त्यात येते. मोठ्या कंपनीच्या डिजिटल विपणनाची ही छोटी आवृत्ती नव्हे. मोठ्या कंपनीत या कामाला वेगळा विभाग असतो. छोट्या धंद्यात जो माल बनवतो तोच बिल करतो आणि तोच रात्री शटर ओढल्यावर मेसेजना उत्तरे देतो. त्यामुळे इथे पैशापेक्षा मालकाचा वेळच जास्त खर्ची पडतो, आणि कोणते साधन घ्यावे यापेक्षा कोणते सोडून द्यावे हे ठरवणे अधिक अवघड जाते.

पार्श्वभूमी

इंटरनेटच्या आधी छोट्या धंद्याची जाहिरात म्हणजे दारावरची पाटी, हँडबिले, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि टेलिफोन डिरेक्टरीतली पिवळी पाने. खरी भिस्त असायची ती एकाने दुसऱ्याला सांगण्यावर. वेबवरच्या सुरुवातीच्या बॅनर जाहिरातींपैकी सर्वांत प्रसिद्ध जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली; ती ‘एटी अँड टी’ या बलाढ्य दूरध्वनी कंपनीची होती. त्या बाजारात छोट्यांना जागा नव्हती, कारण जाहिरातीची जागा विक्री प्रतिनिधीशी बोलून ठोक भावाने घ्यावी लागे.

हे दार किलकिले केले ते १९९८ साली ‘गोटू डॉट कॉम’ या शोधयंत्राने. शोधशब्दावर बोली लावायची आणि कोणी क्लिक केले तरच पैसे मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ ही जाहिरातींची सेवा सुरू केली तेव्हा जाहिरातदार होते ३५०. कोणीही कार्डाने पैसे भरून आपली जाहिरात आपणच लावू शकेल, ही त्यातली नवलाई. दोन वर्षांनी गूगलनेही क्लिकचा हिशेब उचलला. फेसबुक २००४ साली निघाले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने धंद्यांसाठी पाने व जाहिरातींची यंत्रणा आणली. २०१० साली आलेल्या इन्स्टाग्रामने २०१६ साली व्यावसायिक खाती दिली. नकाशावरची दुकानांची नोंद गूगलने २०१४ साली ‘माय बिझनेस’ या नावाखाली एकत्र केली (२०२१ पासून ती ‘बिझनेस प्रोफाइल’ झाली), आणि जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या धंद्यांसाठी वेगळे अ‍ॅप काढले. क्यूआर कोड मात्र या बहुतेकांहून वयाने मोठा आहे. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने १९९४ साली तो बनवला तो मोटारींचे सुटे भाग ओळखता यावेत म्हणून. फोनचा कॅमेरा तो वाचू लागला, तेव्हा काउंटरवर चिकटवलेला कागदाचा चौकोन दुकानाचे दुसरे दार बनला.

सापडणे

या विषयावर बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रील आणि फॉलोअर येतात. छोट्या धंद्याचे बरेचसे गिऱ्हाईक मात्र त्याआधीच्या, कमी झगमगत्या जागी मिळते. समजा, एकाचे आजोबांच्या वेळचे मनगटी घड्याळ बंद पडले. तो मोबाइलवर ‘घड्याळ दुरुस्ती’ असे टाइप करतो. नकाशावर तीन नावे येतात. पहिल्याच्या नोंदीत उघडण्याची वेळच नाही. दुसऱ्याचा नंबर लागत नाही. तिसऱ्याने उघडलेल्या घड्याळांचे फोटो टाकले आहेत, ‘किल्लीची घड्याळे दुरुस्त करून मिळतील’ असे लिहिले आहे, आणि दुकान संध्याकाळपर्यंत उघडे असल्याचे दिसते. फोन तिसऱ्याला जातो. तिघांत उत्तम कारागीर कोण, हा प्रश्न इथवर उपस्थितच झालेला नाही.

स्थानिक शोधात कोणाला वर दाखवायचे हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवते : शोधलेल्या गोष्टीशी धंद्याचा मेळ, अंतर, आणि त्या धंद्याचा बोलबाला. अंतर आपल्या हातात नसते. मेळ बराचसा असतो. त्यासाठी नोंदीत योग्य प्रकार निवडावा लागतो, नाव-पत्ता-फोन सगळीकडे एकसारखा द्यावा लागतो, सुट्टीच्या दिवशीची वेळ बदलावी लागते. शब्दही गिऱ्हाइकाचे असावे लागतात. कारागीर ‘मेकॅनिकल मूव्हमेंटचे सर्व्हिसिंग’ असे लिहितो; ज्याचे घड्याळ बिघडले आहे तो ‘घड्याळ मागे पडते’ असे शोधतो. काउंटरवर लोक जी तक्रार तोंडाने सांगतात, तीच संकेतस्थळावर लिहिली की निम्मे काम होते. ही नोंद फुकट असते आणि एका दुपारी पुरी होते, तरी ती अर्धवट ठेवून लोक रीलच्या मागे लागतात.

समाजमाध्यमांवरचा वावर

पान उघडले, की त्याला जोडलेल्या सगळ्यांना आपली पोस्ट दिसते, हा समज सुरुवातीच्या काळात फारसा चुकीचा नव्हता. पुढे पोस्टचा पूर वाढला आणि काय दाखवायचे ते अल्गोरिदम, म्हणजे पोस्टची निवड करणारी संगणकीय नियमावली, ठरवू लागला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केले, की फीडमध्ये (उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत) धंद्यांच्या पोस्टपेक्षा मित्र व नातेवाईक यांच्या पोस्टना अग्रक्रम मिळेल. फुकटची पोच आटत गेली आणि पान हे दुकानाच्या काचेसारखे झाले : जो आधीच दारात आला आहे तो त्यातून आत डोकावतो. हा उपयोग लहान नाही. नव्या धंद्याशी व्यवहार करण्यापूर्वी लोक त्याचे पान उघडून पाहतात, आणि शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची असली तर धंदा बंद पडला असे समजतात.

अनोळखी लोकांपर्यंत पोचायचे तर सध्या छोट्या व्हिडिओचा मार्ग उरला आहे, कारण तिथे फॉलोअर नसलेल्यांनाही व्हिडिओ दाखवला जातो. इन्स्टाग्रामचे रील २०२० साली आले. यात छोट्या धंद्याकडे एक भांडवल आहे, जे मोठ्या कंपनीला पैसे मोजूनही सहसा मिळत नाही : प्रत्यक्ष काम करणारे हात. गंजलेले घड्याळ उघडले, एकेक चाक चिमट्याने काढून धुतले, पुन्हा बसवले आणि काटा चालू लागला, हे चाळीस सेकंदांचे चित्रण माणसे शेवटपर्यंत पाहतात. त्याउलट सणासुदीच्या तयार शुभेच्छांवर आपला लोगो डकवून टाकलेले चित्र कोणीच पाहत नाही, लोगो बनवणाराही नाही. हॅशटॅगची, म्हणजे # ही खूण लावून विषय सांगणाऱ्या शब्दाची, कल्पना ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर मांडली. पोस्टखाली तीस हॅशटॅगची माळ लावण्याचा प्रघात नंतर पडला आणि त्याची किंमत आता फार उरलेली नाही.

दर्शकसंख्येची नशा मात्र सांभाळावी लागते. एखादा व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला आणि त्यातले बहुतेक जण हजार मैलांवरचे असले, तर दुकानातली घंटी वाजत नाही. कुरिअरने माल पाठवणाऱ्याला हे गिऱ्हाईक आहे. केस कापणाऱ्याला नाही.

ओळखीचे गिऱ्हाईक

एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा बोलावणे हे नवा माणूस शोधण्यापेक्षा सोपे असते. इथे निरोपाची साधने कामाला येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या धंद्यासाठीच्या अ‍ॅपमध्ये कॅटलॉग, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे, दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप आणि ‘नवीन’, ‘पैसे बाकी’ अशी लेबले लावण्याची सोय आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे धाडण्याच्या यादीत) २५६ जण घेता येतात, पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच निरोप पोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. खरे पाहता ती उत्तम गाळणी आहे : ज्याला नंबर साठवावासा वाटला नाही, त्याला निरोपही नकोच असतो.

न मागता पाठवलेल्या जाहिरातीचा इतिहास वेबपेक्षा जुना आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकगठ्ठा धाडले आणि तक्रारींचा भडिमार ओढवून घेतला. आजच्या नियमांचा रोख अशाच न मागितलेल्या निरोपांवर आहे. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली. बिलावर नंबर लिहून घेतला म्हणजे निरोपांची परवानगी मिळाली, असे होत नाही. ‘नवीन माल आला की कळवू का?’ एवढे विचारायला दहा सेकंद लागतात.

पैसे मोजून जाहिरात

गूगल आणि फेसबुक या दोन्हींकडे जाहिरातीची जागा लिलावाने जाते, पण हा लिलाव नुसत्या बोलीचा नसतो. समोरचा क्लिक करील किंवा विकत घेईल याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जाही त्यात धरला जातो. त्यामुळे नेमकी, कामाची जाहिरात कमी बोलीतही पुढे सरकते. शोधयंत्रावरची जाहिरात गरज आधीच जागी झालेल्या माणसाला गाठते. समाजमाध्यमावरची दुसऱ्याच कशात रमलेल्याला हटकते. नळ दुरुस्त करणाऱ्याने पहिलीवर पैसे घालावेत, हाताने रंगवलेल्या पिशव्या विकणाऱ्याने दुसरीवर, कारण अशा पिशव्या असतात हेच अनेकांना ठाऊक नसते.

जाहिराती चालत नाहीत अशी तक्रार होते, त्यामागचे एक कारण यंत्रणेच्या घडणीतच आहे. फेसबुकची मालक मेटा सांगते, की जाहिरात कोणाला दाखवावी हे तिच्या यंत्रणेला नीट शिकायला आठवड्याभरात साधारण ५० इच्छित कृती घडाव्या लागतात. महिन्याला दहा-बारा ऑर्डरी येणारा आठवड्याला पन्नास कुठून आणणार? शिवाय अधीर होऊन दर दोन दिवसांनी चित्र, बजेट, वयोगट बदलला, की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून छोट्याने ‘विक्री’ऐवजी ‘मेसेज’ किंवा ‘फोन’ असे आधीच्या टप्प्याचे उद्दिष्ट ठेवणे आणि निदान आठवडाभर हात न लावणे बरे. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणारे ‘बूस्ट’चे बटण सोयीचे खरे, पण बेसावधपणे दाबले तर लाइक देण्याची सवय असलेल्यांपर्यंतच पैसे पोचतात. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी त्याची परवानगी मागणे सक्तीचे केले, तेव्हापासून फेसबुकवरचा नेम आणि हिशेब दोन्ही ढिले झाले. झळ सगळ्यांना बसली, जास्त ज्यांचे बजेट लहान त्यांना.

अभिप्राय

तारे आणि अभिप्राय ही तोंडी शिफारसच आहे, फक्त ती सगळ्या जगासमोर होते. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही; अमेरिकेत खोट्या व विकत घेतलेल्या अभिप्रायांवर ऑक्टोबर २०२४ पासून थेट बंदी आहे. वाईट अभिप्रायाला दिलेले उत्तर तक्रारदारापेक्षा पुढे ते वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. मालक भांडला तर चूक त्याचीच होती असे वाचणारा धरून चालतो.

भाड्याची जागा

समाजमाध्यमावरचे पान म्हणजे भाड्याची जागा. ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, छोट्या व्हिडिओंचे ‘व्हाइन’ जानेवारी २०१७ मध्ये, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नेटवर्कच्या मांडणीतल्या चुकीमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडली. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत होत्या त्यांचे दुकान तेवढा वेळ बंद राहिले. स्वतःच्या नावाचा डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता), एका पानाचे का होईना संकेतस्थळ आणि गिऱ्हाइकांची वेगळी साठवलेली यादी हे यावरचे साधे उपाय.

याहून नेहमी घडणारा प्रकार घरगुती आहे. पान भाच्याच्या किंवा एखाद्या एजन्सीच्या खात्यावरून उघडलेले असते. भाचा नोकरीला लागतो, एजन्सीशी फाटते, आणि हजारो फॉलोअर असलेल्या पानाची किल्ली कोणाकडेच राहत नाही. ‘तुमचे पान बंद होणार, इथे लॉगिन करा’ असा बनावट निरोप पाठवून खाती पळवणारेही आहेत. मालकी धंद्याच्या स्वतःच्या ईमेलवर आणि दुहेरी पडताळणी चालू, एवढी दक्षता बहुतेक वेळा पुरते.

मोजदाद

लिंकच्या शेपटीला खुणेचे शब्द जोडून कोणते गिऱ्हाईक कुठून आले हे पाहता येते. ही पद्धत ‘अर्चिन’ या कंपनीची; ती कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि तिच्या कामावर संकेतस्थळाची वर्दळ मोजणारे ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ उभे केले. पण नकाशावर पाहून, शेजाऱ्याला विचारून, मग पानावरचे फोटो चाळून चालत आलेला माणूस कुठल्याच तक्त्यात नीट बसत नाही. त्यामुळे काही दुकानदार अजून काउंटरवर वही ठेवतात, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असे विचारतात आणि उत्तरासमोर एक रेघ ओढतात. महिन्याअखेरीस रेघा मोजल्या, की पुढच्या महिन्यात कोणते काम सोडून द्यायचे ते बहुधा त्या वहीतच दिसते.